मिलिटरीचं माहेर

दाजी गेल्याची बातमी घेऊन उस्मानभाई शाळेत आले तेव्हा मी सातवीच्या वर्गावर होते. शिपायानं दाराशी येऊन नुसतं "बाई, जरा बाहेर या" म्हटलं आणि मला कळलं. ज्या गोष्टीसाठी कितीतरी दिवस मनाची तयारी करत होते ती दाराशी येऊन उभी राहिली, तेव्हा माझ्या हातात खडू होता. तो मी तसाच मुठीत धरून दाजींच्या घरापर्यंत नेला, हे मला संध्याकाळी हात धुताना समजलं. उस्मानभाई फाटकाशी सायकल धरून उभे होते. एरवी इतका बोलका माणूस, की त्यांच्या गॅरेजवरून जाताना मी पाय उचलून चालायची, नाहीतर अर्धा तास मोडला म्हणून समजायचं. त्या दिवशी एवढंच म्हणाले, "बाई, दाजी चले गए. पोरगा हाय जवळ." मग टोपी काढली, पुन्हा घातली, आणि खाली बघत म्हणाले, "मिलिटरीकू क्या बोलना अब?" तोवर मी धीरानं उभी होते. ह्या वाक्यानं माझा बांध फुटला…

मिलिटरी म्हणजे दाजींचा ट्रक. दाजी माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. नाव शिवलिंगप्पा, पण मी दाजी म्हणायची म्हणून आमचा सगळा सात रस्ता चौक त्यांना दाजी म्हणायला लागला. बँकेतले साहेबसुद्धा. दुसरी मोठी लढाई संपल्यावर सरकारनं लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात काढल्या, त्यातली एक ह्यांनी घेतली, ती ही मिलिटरी. अमेरिकेत बनलेली, बोटीतून इकडच्या तळावर उतरलेली, कुणाचं काय काय वाहिलेली. मूळ रंग हिरवा. दाजींनी त्यावर लाल चढवला, पण दाराची कड कुठं खरचटली की आतला हिरवा डोकवायचा आणि दाजी लगेच लाल रंगाचा डबा आणायचे. बार्शीच्या बाजारातली ज्वारी, तूर तिनं वाहिली, चादरींचे गठ्ठे स्टेशनावर पोचवले, दुष्काळाच्या वर्षी पाण्याची टाकी पाठीवर घेऊन अक्कलकोटाकडची गावं पालथी घातली. आमच्या घरात तिचा उल्लेख 'ती' असाच व्हायचा. "ती आज रुसलीय," असं दाजी म्हणाले की अक्का विचारायची, "मी का ती?"

त्या ट्रकची एक अडचण होती, आणि तीच सांगायला मी हे लिहायला बसले आहे असं म्हटलं तरी चालेल. तिचं स्टिअरिंग डावीकडं होतं. तिकडं अमेरिकेत गाड्या रस्त्याच्या उजव्या अंगानं चालतात, म्हणून त्यांचा ड्रायव्हर डावीकडं बसतो. आपल्याकडं सगळं उलटं. त्यामुळं पुढं बैलगाडी किंवा एसटी आली, की दाजींना समोरून काय येतंय ते दिसायचंच नाही. उजव्या बाजूला कुणीतरी बसून, बाहेर वाकून, बघून सांगावं लागायचं. पगारी क्लीनर ठेवून पाहिले. एक झोपाळू निघाला, एकाला सगळीच वाट मोकळी दिसायची. शेवटी अक्काच बसायला लागली. बायामाणसं ट्रकात पुढं बसत नसत त्या काळात, नातेवाइकांनी नाकं मुरडली. अक्कानं डोक्यावरून पदर घट्ट घेतला आणि बसली. आमचं माहेर कानडी मुलखातलं. घरात ती मुलाशी मराठी बोले, पण गाडीत तिच्या तोंडून कानडीच यायची. वाट अडलेली असली की "निंद्री", म्हणजे थांबा. मोकळी दिसली की "होग्री", म्हणजे जावा. मी शाळेत इंग्रजी शिकवते. इंग्रजीत थोरल्यालाही 'गो' आणि धाकट्यालाही 'गो'. आमच्या कानडीत तसं नाही. नवऱ्याला, वडीलधाऱ्याला 'होग्री', आणि मुलाला, भाच्याला 'होगो'. दाजी तिच्या 'होग्री'वर डोळे मिटून विश्वास टाकायचे. हे मी उगीच म्हणत नाही, त्यांना खरोखरच समोरचं काही दिसत नसायचं.

अशी त्यांची वर्षं गेली. भांडणं झाली ती गाडीतच, समेटही गाडीतच. बसू, त्यांचा एकुलता मुलगा बसवराज, लहानपणी दोघांच्या मधे बसून जायचा. तो शिकला, इंजिनियर झाला, कॅलिफोर्नियाला गेला. त्याच्यामागं दोनेक वर्षांनी अक्का गेली. काविळीचं निमित्त झालं. दाजी रडले नाहीत. मला त्यांचा रागच आला होता तेव्हा, खोटं कशाला सांगू. माझी बहीण गेली आणि हा माणूस तिसऱ्या दिवशी ट्रकचे नट आवळत बसलाय! मग एकदा बार्शीला परीक्षेच्या कामासाठी जायचं होतं, दाजी निघालेच होते म्हणून मीही बसले. वैरागच्या अलीकडं कडब्याची एक बैलगाडी पुढं आली. दाजी तिच्यामागं लागले ते लागलेच. बैलांच्या चालीनं आम्ही चाललोय. मागून एसट्या भोंगे वाजवत पुढं गेल्या. मी खिडकीतून बघितलं आणि म्हटलं, "दाजी, रस्ता मोकळा आहे की."

"असू दे," ते म्हणाले.

"अहो, कुणी नाही समोर. माझी परीक्षा सुरू होईल."

"हुईल सुरू. पोरं काय पळून जात न्हाईत." आणि मग स्टिअरिंगकडं बघत, "ती गेल्यापासनं म्या कुनाच्या फुडं गाडी काढली न्हाय, इंग्रजीबाई. जमत न्हाय."

इंग्रजीबाई हे माझं त्यांनी ठेवलेलं नाव. त्या दिवशी मी परीक्षेला उशिरा पोचले आणि मुख्याध्यापकांची बोलणी खाल्ली. पण माझा राग तिथंच, त्या कडब्याच्या गाडीमागं संपला.

बसू तिकडून सारखा म्हणायचा, अप्पा, इकडं या. त्याला मुलगी झाली होती, तिचा फोटो दाजींनी मिलिटरीच्या आरशाला चिकटवला होता. एकटा माणूस इथं काय करणार, दोन वेळची भाकरी मी डब्यात पाठवत होते ती खाऊन दिवस काढत होता. पण दाजी काही केल्या हो म्हणेनात. आणि मग एक दिवस म्हणाले, "येतो. पर मिलिटरीला घिऊन." मी कपाळाला हात लावला. म्हटलं, दाजी, तिकडं काय गाड्या नाहीत? तर शांतपणे म्हणाले, "तिचं म्हायेर हाय ते. लई वर्सं राबली हितं, कुनी तिला म्हायेरी धाडली न्हाय. आन तितं तिचं स्टेरिंग सुलटं पडतंय. तितं बाजूला कुनी नसलं तरी मला समोरचं दिसतंय, बग." म्हातारा माणूस जिद्दीला पेटलाय असं समजत होते मी. त्यानं इतका विचार केलेला होता…

बसूनं, आश्चर्य म्हणजे, मोडता घातला नाही. बोटीचा खर्च मी करतो म्हणाला. फक्त एक अडचण निघाली. कॅलिफोर्नियात गाड्यांच्या धुरानं हवा इतकी खराब झाली होती म्हणे, की सरकारनं कायदे केले होते. कायद्यात बसत नाही ती गाडी रस्त्यावर नाही. बसूनं त्याचं एक छापील पत्रक धाडलं. ते वाचून दाखवायला दाजी आणि उस्मानभाई दोघंही माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन बसले. त्यात जागोजाग एकच शब्द होता, 'एमिशन'. मी शब्दकोश काढला. त्यात दिलं होतं, 'उत्सर्जन'. उस्मानभाईंनी विचारलं, "मतलब?" आता ह्या दोघांना उत्सर्जनाचा अर्थ कसा सांगावा म्हणून मी घुटमळले, कारण आमच्या आठवीच्या शास्त्राच्या पुस्तकात तो शब्द वेगळ्याच कामासाठी येतो. दाजींनी माझं तोंड बघूनच ओळखलं. "म्हंजे तिचं पोट साफ पायजे," ते म्हणाले. तिघंही पोट धरधरून हसलो. अक्का गेल्यानंतर दाजींना असं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मग मी सोपं करून सांगितलं, धूर. धूर निघता कामा नये.

झालं, ते वर्ष धुराचं. मिलिटरी पेट्रोलवर चालायची आणि वय झालेल्या इंजिनातून ऑइल जळून निळा धूर यायचा. चढाला काळा. उस्मानभाईंनी इंजिन पार खोललं. पिस्टनच्या रिंगा कुठं मिळेनात, तर दोघं जुन्या बाजारात, मोडीत निघालेल्या गाड्यांच्या ढिगात दिवसदिवस उकरत बसायचे. एकदा पुण्याला जाऊन आले आणि हातात एवढंसं पुडकं घेऊन असे उतरले जसं काही लग्नाचं सोनं आणलंय. आणि धूर किती कमी झाला हे मोजायचं कसं? त्यांनी आपली रीत काढली. दाजींच्या जुन्या धोतराचे चौकोनी तुकडे फाडायचे, इंजिन चालू करून एक तुकडा मागच्या नळीच्या तोंडावर धरायचा, उस्मानभाईंचं एक गाणं म्हणून होईपर्यंत. मग तो तुकडा परसातल्या दोरीवर अडकवायचा. पहिला तुकडा तव्याच्या बुडासारखा निघाला. मग मधे काळा आणि कडेला राखाडी. मग नुसता राखाडी. दोरी भरत चालली. शेजारच्या बाईनं मला हळूच विचारलं, "दाजी कसलं व्रत करतेत का?" वाऱ्यानं तुकडा हलतो म्हणून ते परसातल्या गाडीच्या शेडची दारं लावून घ्यायचे. मी डबा घेऊन गेले की आतून इंजिनाचा आवाज आणि दाजींचा खोकला, दोन्ही एकदम ऐकू यायचे. मी रागवायची. उस्मानभाईही म्हणायचे, "दरवाजा खुल्ला रखो दाजी, नक्को इत्ता धुवाँ." दाजी म्हणायचे, "जाईल, जाईल. तिचा धूर गेला की माजा खोकला जाईल."

श्रावणातल्या एका सोमवारी तुकडा पांढरा निघाला. म्हणजे अगदी पांढरा नाही, पण जुनं धोतर जितकं पांढरं असतं तितका. दाजी तो हातात धरून रस्त्यानं चालत माझ्या घरी आले. "बग. पास." बस्स, एवढंच. पण ते तोंड मी आयुष्यात विसरणार नाही. त्या दिवशी मिलिटरीच्या बॉनेटवर विभूतीची तीन बोटं ओढली, नारळ फोडला आणि आम्ही तिघं कुंभारी गावापर्यंत चक्कर मारून आलो. मी आणि उस्मानभाई उजवीकडं दाटीवाटीनं. बैलगाडी आडवी आली तेव्हा दाजी मागंच राहिले, पण त्या दिवशी गुणगुणत होते.

सात रस्त्यावरच्या कापडाच्या दुकानात फोन होता, तिथं बसूचा ट्रंक कॉल यायचा. दाजी फोनवर ओरडून बोलायचे, अमेरिका लांब आहे म्हणून. सगळं दुकान माना वळवून ऐकायचं. पांढऱ्या तुकड्याची गोष्ट ऐकून बसू तिकडून हसला. म्हणाला, "अप्पा, डोळ्यांना दिसतो तो धूर नाही हो. इथं मशीन लावतात, ते न दिसणारा धूर मोजतं." दाजी घरी येऊन उंबऱ्यावर बसले. मग म्हणाले, "न दिसनारा धूर… तो कपड्यावर कसा धरायचा गं?" दुसऱ्या दिवसापासून दोघं पुन्हा कार्बोरेटर खोलून बसले. जे दिसत नाही तेही कमी करू म्हणाले.

गाडीचं असं चाललं असताना माणसाचे कागद वेगळे चालले होते. परदेशात राहायला जायचं तर छातीचा फोटो काढावा लागतो. मीच त्यांना घेऊन गेले. रांगेत बसून दाजी मला सांगत होते की बोटीत मिलिटरीला दोरखंडानं बांधतात, तिला ते आवडायचं नाही. डॉक्टरांनी काच लावलेल्या दिव्यावर फोटो धरला. छाती सगळी काळी आणि तिच्यात पांढरे ढग. एक मोठा, बाकीचे बारके. डॉक्टर समजावून सांगायला लागले की फुप्फुसात हवा असते, ती काळी दिसते, तशीच दिसायला हवी. पांढरं दिसलं तर तिथं काहीतरी बसलंय. दाजी फोटोजवळ गेले, नीट बघितलं. "म्हंजे आमच्या उलटं," ते म्हणाले. "आमच्याकडं पांढरं म्हंजे पास. तुमच्याकडं पांढरं म्हंजे नापास." डॉक्टरांना काही कळलं नाही, ते सौजन्यानं हसले. मला त्या खोलीत उभं राहवेना.

क्षय नव्हता. क्षयाला औषध तरी होतं. मोठ्या दवाखान्यात आणखी तपासण्या झाल्या आणि जे नाव कुणी मोठ्यानं घेत नाही ते आमच्या घरात आलं. मी डॉक्टरांना विचारलं की वर्षभर त्या शेडमधे… ते म्हणाले, नाही, एका वर्षाच्या धुरानं असं होत नाही, हे जुनं आहे, आतल्या आत वाढत आलेलं. मला ते पटतं. पण शेडची ती लावलेली दारं मला अजून दिसतात. पटणं वेगळं आणि दिसणं वेगळं.

दाजींनी मला बजावलं, "बसूला बोलायचं न्हाय." मी भांडले. म्हटलं, पोटच्या पोराला नाही सांगायचं तर कुणाला? म्हणाले, "त्याची नोकरी नवी हाय, पोरगी ल्हान हाय. तो पळत यील आन हितं माजं तोंड बगत बसंल. मी सांगतो त्याला माज्या पद्धतीनं." पुढच्या कॉलच्या वेळी मी शेजारीच उभी होते. दाजी नेहमीसारखे ओरडले नाहीत. "बसू, मिलिटरी नापास झाली रे," ते म्हणाले. "तुजं खरं हाय. न दिसनारा धूर निगाला तिच्यात. वरनं सगळं झ्याक हाय, पर आत… न्हाय, आता दुरुस्त व्हायचं न्हाय. उस्मानबी म्हनतोय. मग ऱ्हाऊ दे यायचं." दुकानातली माणसं चुकचुकली. वर्षभर सगळ्यांनी दोरीवरचे तुकडे बघितले होते. मालकांनी दाजींच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "गाडीचं काय मनावर घेता दाजी." मी चादरींच्या थप्पीकडं तोंड करून उभी राहिले.

बसू आईवर गेलाय, सोडून देणारा नाही. अप्पाला मिलिटरीशिवाय यायचं नाही ना, मग मिलिटरीचाच रस्ता काढतो, असं त्यानं ठरवलं. तिथल्या कचेऱ्यांमधे खेटे घातले. आणि एका सकाळी दुकानातून निरोप आला, अमेरिकेचा फोन. बसू इतक्या आनंदात होता की त्याचा आवाज मला रिसिव्हरबाहेरही ऐकू येत होता. "अप्पा, आपण उगीच घाबरलो! मिलिटरीच्या वयाच्या गाड्यांना तो नियमच लागू नाही! कायदा झाला त्याच्या कितीतरी आधीची ती. तिला माफ आहे, अप्पा! मशीन नाही, काही नाही. तुम्ही निघा!" दाजींनी रिसिव्हर कानाला तसाच धरला. एक वर्षाचं काम, ते धोतराचे तुकडे, पुण्याच्या रिंगा, सगळं फुकट होतं म्हणजे. पण त्यांच्या मनात ते नसावं. आता न जायला सांगण्यासारखं काही कारणच उरलं नव्हतं. मी त्यांच्याकडं बघत होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, जसं काही मी पुढचं एखादं वाक्य सुचवीन. मग अगदी हळू, समोर माणूस बसलाय असं, म्हणाले, "गाडीला माफी हाय रे बसू. डायवरला न्हाय."

तीन मिनिटं झाल्याचं सांगणारी एक्स्चेंजची बाई मधे बोलली. मग बसूचा आवाज आला, लहान मुलासारखा. "अप्पा, काय झालंय?"

तो आला. मिळेल त्या विमानानं आला. देवाची एवढी कृपा, की तो आला तेव्हा दाजी हिंडतेफिरते होते. आल्यावर दोघं आठवडाभर एकमेकांशी ट्रकबद्दलच बोलत होते. बाप आणि मुलगा आपल्याकडं दुसरं काय बोलणार? एका दुपारी दाजी म्हणाले, चल, चक्कर मारू. बसूनं मिलिटरी काढली. त्याला तिकडं डावीकडं बसून चालवायची सवय, तो आरामात बसला. दाजी आयुष्यात पहिल्यांदा उजव्या सीटवर चढले. मी दोघांच्या मधे. कुंभारीच्या रस्त्याला उसाची बैलगाडी पुढं आली, बसूला काही दिसेना. "अप्पा, बघा की पुढं," तो म्हणाला. दाजी बाहेर वाकले. समोरून एक ट्रक आला, गेला. एसटी आली, गेली. मग वाट मोकळी झाली तरी दाजी काही बोलेनात. बसूनं पुन्हा विचारलं. दाजींनी डोकं आत घेतलं, डोळ्यांत पाणी. म्हणाले, "ह्ये सगळं दिसत हुतं व्हय रे तिला… समोरनं येनारं सगळं अंगावर येतंय हितं बसल्यावर. मला तिकडनं कदी काय दिसलं न्हाय. मी आपला निवांत. ती एकटी भेत हुती आन मला 'होग्री' म्हनत हुती." धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. "माज्यानं न्हाय व्हायचं ह्ये. चालू दे गाडी मागनंच." आम्ही उसाच्या गाडीमागं कुंभारीपर्यंत गेलो. अक्कासाठी ते रडले ते त्या दिवशी, इतक्या वर्षांनी, तिच्या जागेवर बसून.

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. आमच्यात माणसाला अग्नी देत नाहीत. बसवून, अंगभर विभूती लावून, बेलाची पानं वाहून मातीच्या स्वाधीन करतात. उस्मानभाई कडेला उभे होते. "हमारे में भी मिट्टीच है," असं स्वतःशीच म्हणाले आणि एक मूठ त्यांनीही टाकली. धूर कुठंच नव्हता. खाली बसलेले दाजी विभूतीनं पांढरेच पांढरे दिसत होते. मला त्यांचं ते 'पास' आठवलं आणि रडतारडता हसू आलं. लोकांनी काय समजायचं ते समजावं.

आता सगळं आवरून बसू परत गेला आहे. मिलिटरीही गेली. त्यानं तिचे कागद पुरे केले आणि मुंबईच्या बंदरापर्यंत स्वतः चालवत न्यायची ठरवली. उस्मानभाई उजवीकडं बसून जाणार होते, ते जकात नाक्यावर थांबले होते. तोवर तू बस मावशी, बसू म्हणाला. निघताना मी परसात गेले. दोरीवर तुकडे तसेच होते, पहिला काळा, शेवटचा पांढरा. ते मी काढले नाहीत. अजूनही काढलेले नाहीत. आठवड्यातून एकदा घर झाडायला जाते तेव्हा शेजारची बाई विचारते, आणि मी म्हणते, वाळू देत.

अक्काच्या जागेवर मी बार्शीच्या त्या फेरीनंतर एकटीनं बसले नव्हते. सीट एका अंगाला दबलेली आहे, बाहेर वाकणाऱ्या माणसाच्या वजनानं दबते तशी. सात रस्ता मागं पडला, गावाबाहेर आलो, आणि पुढं कडब्याची गाडी. बसूनं वेग कमी केला. बैलांच्या चालीनं आम्ही जात राहिलो. मला वाटतं, नाक्यापर्यंत तो तसाच गेला असता. मी पदर डोक्यावर ओढला आणि बाहेर वाकले. एक लॉरी धडधडत अंगावर आली आणि बोटभर अंतरावरून गेली. मग वळणापर्यंत रस्ता दिसला, मोकळा, उन्हात पसरलेला. माझ्या भाच्याला, ज्याला मी कडेवर घेऊन फिरवलंय त्याला, मी म्हटलं,

"होग्री."

बसूनं चमकून माझ्याकडं बघितलं. मग समोर बघितलं, आणि गाडी पुढं काढली.